साबणाच्या पाण्यातली बदकीण

मी एक म्हातारी बदकीण आहे. माझे पंख आता पिवळट पडले आहेत आणि चालताना मी डावीकडे जरा जास्तच कलते. मित्रांनो, आपली गोष्ट सांगताना चार कौतुकाचे शब्द सगळेच पेरतात. माझ्याकडे तसे फारसे नाहीत. जे आहे ते सांगताना मान खाली जाते, तरी सांगते.

माझा जन्म अंडी उबवायच्या पेटीत झाला. आई कोण, ते मला ठाऊक नाही. मला आणि माझ्या चार बहिणींना विकत घेतलं ते काकांनी. काका म्हणजे एक निवृत्त बसचालक. घरामागे त्यांनी स्वतः खणून एक तळं केलं होतं. मोरीचं, न्हाणीघराचं, धुण्याचं असं घरातलं सगळं पाणी नळीवाटे तिथे यायचं. काठाने लव्हाळी लावलेली होती. पाणी वरून इतकं नितळ दिसायचं की बघणारा बघतच राहायचा. पाहुणा आला की काका त्याला चहाच्या आधी तळं दाखवत.

आमची टोपली आली तेव्हा काकू शिवणयंत्रावरून उठून मागच्या दारात आल्या. त्या घरीच लोकांचे कपडे शिवत.

"अहो, साबणाचं पाणी आहे ते. यांना चालेल का? कुणाला तरी विचारा आधी."

"बदकांना पाणी लागतं, आपल्याकडे पाणी आहे. त्यात विचारायचं काय?" काका म्हणाले आणि त्यांनी टोपली कलती केली.

पहिले दिवस फार सुखाचे गेले. डासांच्या अळ्या आम्ही फस्त केल्या, त्यामुळे संध्याकाळी अंगणात बसता येऊ लागलं. पुढे आम्ही अंडी घालू लागलो. समोरच्या घरातल्या सूनबाईला दिवस गेले होते. काकू अंडी फडक्याने पुसून तिच्याकडे पाठवत. "घरची आहेत, निर्धास्त खा," असा निरोपही असायचा. ते ऐकून मी ऐटीत शेपटी हलवायची.

मग माझ्या अंगाला काहीतरी झालं. आम्हा बदकांच्या शेपटीच्या मुळाशी तेल असतं. ते चोचीने पिसांना लावलं की पाणी आत शिरत नाही. मी कितीही तेल लावलं तरी साबण ते धुऊन नेत होता. माझी पिसं चिंधीसारखी भिजू लागली. एके दिवशी तळ्याच्या मधोमध मी चक्क बुडू लागले. धडपडत काठाला लागले, तर कुंपणापलीकडची मुलं खो खो हसत होती.

"ही आमची बुडकी!" काकाही हसले. "बदक असून पोहता येत नाही हिला!"

तेच माझं नाव पडलं. मित्रांनो, त्या दिवसांत मी धुण्याच्या दगडाआड तोंड लपवून बसायची. मला वाटायचं, खोट माझ्यातच आहे.

उन्हाळ्यात तळं आटलं, तळाचा गाळ कुजू लागला. माझ्या एका बहिणीची मान लुळी पडली. तिला डोकं वर धरता येईना. ती गेली, मागोमाग दुसरीही गेली. "ऊन बाधलं," काका म्हणाले. पण त्याच आठवड्यात समोरची सूनबाई उलट्या-जुलाबांनी इतकी खंगली की तिला इस्पितळात न्यावं लागलं. ते कळताच काकू कुणालाही न विचारता गुरांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आल्या.

डॉक्टरीणबाईंनी माझी पिसं उलटी करून पाहिली, तळं पाहिलं.

"तळं झाडांसाठी छान आहे, बदकांसाठी नाही," त्या म्हणाल्या. "साबणाने पिसांचं तेल जातं. उन्हाळ्यात कुजलेल्या गाळात विष तयार होतं. आणि हे पाणी स्वच्छ करणाऱ्या लव्हाळ्यांचे कोंब ही बदकंच खातात."

"पण पाणी किती स्वच्छ दिसतं!"

"दिसतं, काका, पण त्यात जंतू असतात, ते अंड्यांतूनही पोटात जातात. अंडी कुणाला दिलीत का?"

काकूंनी नुसतं समोरच्या घराकडे पाहिलं.

"अंड्यांमुळेच झालं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण त्यांना कळायला हवं. आजच."

"मी जाते," काकू म्हणाल्या.

"नको. मीच जातो," काका म्हणाले.

मी फाटकाच्या फटीतून पाहत होते. काका समोरच्या पायरीखालीच उभे राहिले. सूनबाईच्या सासूबाई बाहेर आल्या. काकांनी सगळं सांगितलं, काकूंनी आधी कुणाला तरी विचारा म्हटलं होतं हेही सांगितलं. सासूबाई रागावतील असं मला वाटलं होतं. त्या मटकन खाली बसल्या.

"ताकद येते म्हणून मीच तिला अर्धीकच्ची करून भरवली हो," त्या म्हणाल्या. "नको म्हणत होती पोर."

ती अंडी माझीही होती, मित्रांनो. मी फाटकापासून मागे सरले.

सूनबाई बरी झाली, बाळही सुखरूप झालं. पण ती आमच्या फाटकाकडे अजून पाहत नाही. काकांनी तळ्याभोवती जाळी मारली. आम्हाला एक मोठा टब दिला. त्यातलं पाणी ते रोज बदलतात आणि उष्टं पाणी झाडांना घालतात. पिसं गळून मला नवी आली. बुडकी म्हणायचं काकांनी सोडून दिलं.

परवा गल्लीच्या टोकाचा सुतार खोक्यात पिल्लं घेऊन आला.

"काका, तुमच्यासारखंच तळं केलंय मी. सोडू ना यांना?"

काकांचे कान लालबुंद झाले. आत काकूंचं यंत्र थांबलं. 'नको' एवढं म्हणून काकांना भागवता आलं असतं.

"बस जरा," काका म्हणाले. "माझ्या हातून काय झालं, ते आधी ऐक."

खोक्यातली पिल्लं पाण्याच्या वासाने चिवचिवत होती. मित्रांनो, आम्ही दिसेल त्या पाण्यात उतरतो. ते कुठून आलं, हे आम्हाला विचारता येत नाही. आमच्यासाठी तेवढं तुम्ही विचारा, टोपली कलती करण्याआधी.