अडतीस दारं

टीव्हीतली मुलगी बापूजींच्या अंगणात येऊन थांबली, तसं निकितानं विचारलं, "आता कोनतं बटन दाबू?"

"वरचं," राजदीप म्हणाला. "सरळ चालत जा. दार आपोआप उघडते."

खोलीत हशा पिकला होता, कारण त्या दारापाशी बाजेवर खुद्द बापूजी बसलेले होते. बोटभर उंचीचे, ठिपक्याठिपक्यांचे, पांढरी टोपी घातलेले. खरे बापूजी सोफ्यावर बसून स्वतःकडे बघत होते. कडुनिंब जागच्या जागी होता. लाल ट्रॅक्टरचा डावा दिवा गेल्या पोळ्याला फुटला होता, तो राजदीपनं फुटलेलाच काढला होता. "माहं पोटही सोडलं नाही यानं," बापूजी म्हणाले, आणि खूश होऊन पोटावर हात फिरवला.

भाऊबीजेचा दिवस होता. पुण्याहून बापूजींचा मुलगा रजत आलेला, लेक निकिता माहेरी आलेली, ताटलीत चकल्या. रजतनं आपला लॅपटॉप मोठ्या टीव्हीला जोडला होता आणि शाळेतल्या मित्राचा गेम तो घरच्यांना दाखवत होता. राजदीप दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. एकतीस वर्षांच्या आयुष्यात या खोलीत तो चौथ्यांदा आला होता, आणि या खोलीच्या पलीकडे एकदाही गेला नव्हता.

राजदीप राळेगावच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसायचा. कापसाची गाडी भरलेली येते, काट्यावर चढते, वजन होतं, रिकामी होऊन परत चढते, मग चिठ्ठी निघते. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात त्यानं सहा वर्षं हा गेम केला. एकेक ठिपका ठेवून त्यानं अख्खं सोनधरी गाव उभं केलं होतं. गेममध्ये लढाई नव्हती, राक्षस नव्हता. रुखी नावाच्या नऊ वर्षांच्या पोरीची शेळी हरवते आणि ती शोधायला पोर घरोघर, शेतोशेत, नाला ओलांडून टेकडीपर्यंत भटकते, एवढीच गोष्ट. दुरून कुठूनतरी शेळीच्या गळ्यातली घंटा वाजत राहते.

असले गेम त्यानं आठवीत असताना राळेगावच्या सायबर कॅफेत पाहिले होते. त्यातला पोरगा कोणाच्याही घरात शिरायचा. दार ढकलायचा, थेट चुलीपर्यंत जायचा, पेटी उघडायचा, रांजणात डोकवायचा, आणि घरचे लोक त्याला हाकलायचं सोडून गावच्या बातम्या सांगत बसायचे. बाकीच्या पोरांना त्यातल्या लढाया आवडायच्या. राजदीपला हे घरात जाणं आवडायचं. का आवडतं हे त्यानं कधी स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं बरंच काही टळलं असतं.

सोनधरीत एकसष्ट घरं. त्यांपैकी तेवीस त्याच्या वस्तीतली, बौद्धांची. तिथला दिव्याचा कोनाडासुद्धा त्याला पाठ होता. उरलेल्या अडतीस घरांची बाहेरची वीट न् वीट त्याला ठाऊक होती, पण आतलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं आईला विचारलं. रुखमाबाई गावातलीच, गावातच दिलेली. बापूजींच्या घरचं शेणपाणी आणि झाडलोट तिनं पन्नास वर्षं केली होती, त्याआधी तिच्या आईनं. ती म्हणाली, "आंगन सांगू, गोठा सांगू. आतलं मले काय मालूम बाबू? मी काय सोयरी हाओ त्याइची?"

मग त्यानं मनानंच काढलं. घरोघरी मातीच्या चुली असं आपल्याकडे म्हणतात, त्यानं ते इमानदारीनं खरं मानलं आणि अडतीस घरांत अडतीस चुली मांडल्या. प्रत्येक चुलीशेजारी तिवई, तिवईवर माठ. माठाजवळ जाऊन बटन दाबलं की रुखी पाणी प्यायची आणि चालून चालून कमी झालेला तिचा जीव पुन्हा भरायचा.

निकितानं वरचं बटन दाबलं. दार उघडलं. रुखी बैठकीतून चालत देवघरापाशी आली, तिथून सरळ आत. "अवो आई, आपल्या घरी चूल काढली यानं," निकिता हसत सुटली. इंदुताईंचा काळ्या ग्रॅनाइटचा ओटा होऊन दोन वर्षं झाली होती. राजदीपही ओशाळून हसला. रुखी माठाशी गेली, ओगराळं बुडालं आणि खाली अक्षरं उमटली: रुखी पाणी प्याली. जीव थंड झाला.

इंदुताई हसत नव्हत्या. त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं, "हे पोरगी कोनाची दाखवली रे?"

कोणाचीच नाही, असं म्हणायला काही लागत नव्हतं. रजतनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा. पण कौतुकानं माणूस आंधळा होतो. सहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्याचं काम एवढ्या मोठ्या पडद्यावर बघत होतं, आणि राजदीपनं खरं ते सांगून टाकलं.

"माही माय आहे काकू. लहानपनची."

कोणी काही बोललं नाही. भल्या घरांत अशा वेळी कोणी काही बोलत नाही, ते फार शिस्तीचं काम असतं. निकिताचा हात बटनांवरून बाजूला झाला. इंदुताई "अस्सं" म्हणून उठल्या. बापूजींना एकदम बातम्या आठवल्या आणि टीव्हीवर कापसाचे भाव सुरू झाले. निघताना राजदीपच्या हातात फराळाची पिशवी पडली, दरवर्षीपेक्षा दुप्पट भरलेली. रुखमाले देजो, असं इंदुताईंनी दोनदा सांगितलं. हा भाबडा माणूस सायकलवर शीळ घालत घरी आला आणि आईला म्हणाला, समद्याईले लय आवडलं.

आईला ते दोन दिवसांनी कळलं. बापूजींच्या अंगणात आठदहा बाया शेंगा फोडत बसल्या होत्या, रुखमाबाई गोठा झाडून हात धूत होती. इंदुताई ओसरीवर आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "रुखमा, आमच्या सैपाकघरात पानी पेऊन आली म्हने तू. गोड होतं काय?"

बाया हसल्या. त्यात वस्तीतल्याही दोघी होत्या, कारण मालकीण हसते तेव्हा हसायचं असतं. रुखमाबाईला गेम म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, कोणीतरी आपल्यावर आळ घेतला. "नाही वो बाई. लेकराची शपथ घेतो. राजदीपच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो, मी उंबरा नाही ओलांडला." तिनं तीनदा शपथ घेतली. बाया आणखी हसल्या. मग इंदुताईंनी तिला टीव्हीतली गंमत समजावून सांगितली, आणि ते त्या शपथेपेक्षा वाईट झालं.

घरी आल्यावर ती राजदीपवर रागावली नाही. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं फक्त विचारलं, "कायले नेलं मले तिथं? मी म्हनलं होतं काय?"

मी तुला कुठंतरी न्यायला निघालो होतो, हे त्याचं त्यालाच त्या क्षणी कळलं, आणि लाजेनं त्याचे कान तापले.

आठवड्यानं पुण्याहून रजतचा फोन आला, राजदीप काट्याच्या केबिनमध्ये असताना. गेम परदेशातल्या साइटवर रजतच्या अकाउंटवरून जाणार होता. राजदीपचे कागद त्या साइटनं दोनदा परत पाठवले होते, तेव्हा रजतनंच आपणहून हात पुढे केला होता. त्याच्या मनात तेव्हाही काही वाईट नव्हतं, आताही नव्हतं.

"मले काही प्रॉब्लेम नाही यार," तो म्हणाला. "तुले मालूम आहे, मी तुह्या घरी जेवलो आहो. पन आई रडून राह्यली. ते दारं तेवढे लॉक करून टाक ना. दोन मिन्टाचं काम."

"तुमच्या घरचं?"

"आमचंच केलं तं कसं दिसन? गावात समद्याईले मालूम झालं. पाटलाच्या घरून बी फोन आलता. तिकडचे सारेच करून टाक."

"अन् आमच्या वस्तीतले?"

"ते राहू दे उघडे. त्याले कोन काय म्हन्ते."

रजतनं आवाज खाली आणून सांगितलं की नाहीतर आपल्या अकाउंटवरून टाकणं जमणार नाही, बापूजींनी तसं बजावलं आहे. सहा वर्षं, एकसष्ट घरं, एक नाला, एक टेकडी, सगळं त्या एका वाक्यात अडकून पडलं.

काम खरोखरच दोन मिनिटांचं निघालं. एका यादीत घरांचे नंबर होते, प्रत्येकापुढे एकचा आकडा, म्हणजे दार उघडं. त्यानं अडतीस ठिकाणी एकाचं शून्य केलं. काट्यावर चढलेला ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता. राजदीपनं त्याचं वजन घेतलं, चिठ्ठी दिली, आणि मग रुखी दाराशी आली की उमटायची ती ओळ टाइप केली: दार बंद आहे. आतल्या चुली आणि माठ त्यानं पुसले नाहीत. ते तिथंच राहिले, कोणीही जाणार नाही अशा जागी.

जानेवारीत गेम साइटवर आला. कुठकुठल्या देशांतली माणसं सोनधरीत भटकू लागली. टेकडीवरच्या उन्हाची तारीफ झाली, घंटेच्या आवाजाची झाली. पण त्याखाली तक्रारीही येऊ लागल्या. अशा गेममध्ये घरात जाता आलं पाहिजे, करणाऱ्यानं आळस केला आहे, अर्धं गाव नुसतं देखाव्याचं आहे. एकानं बारकाईनं लिहिलं होतं की गावाच्या एका टोकाची लहान घरं तेवढी उघडतात आणि मोठ्या घरांपाशी मुलगी नुसती उभी राहते, ही चूक आहे की यात काही अर्थ आहे? राजदीप दिवसभर त्या प्रश्नाकडे बघत राहिला. उत्तर द्यायला अकाउंट त्याचं नव्हतं. संध्याकाळी खाली रजतचं सभ्य इंग्रजी उत्तर आलं. चूक आहे, माफ करा, आमचा माणूस नवीन आहे, शिकतो आहे.

गुरुवारी जिनिंगला सुट्टी असायची. अशाच एका गुरुवारी दुपारी जेवणं झाल्यावर रुखमाबाई लुगड्याला हात पुसत त्याच्या शेजारी येऊन बसली. बापूजींच्या घरचं काम तिनं सोडलं नव्हतं, सोडून जाणार कुठं. पण अंगणातल्या त्या हशापासून ती घरात कमी बोलायची. "दाखव बरं," ती म्हणाली. "गावभर दाखवलं. मलेच नाही दाखवलं."

राजदीपनं जुनी प्रत जपून ठेवली होती, एकसष्ट दारांची. त्यानं ती लावली आणि आईला चार बाणांची बटनं समजावली. तिचं बोट जाड, कामानं भेगाळलेलं, एका बटनावर ठेवलं की दोन दाबली जायची. पण पोर चालली. आपलं परकर-पोलकं बघून ती हसली. आपल्या आईच्या दारात जरा थांबली. वस्तीतल्या दोन घरांत जाऊन आली, माठातलं पाणी प्याली, मग विहारावरून रस्त्यानं वर निघाली. पाटलाचं घर तिनं मागे टाकलं. बापूजींच्या अंगणात येऊन कडुनिंबाखाली थांबली.

सहा वर्षं तो ज्याच्यासाठी खपला ते हेच होतं, हे त्याला आता पुरतं कळलं होतं. "जाय माय," तो म्हणाला. "दार उघडं आहे. आतमधी कोनी काही म्हनत नाही."

रुखमाबाईनं वरचं बटन दाबलं नाही. तिनं डावीकडचं दाबलं. रुखी भिंतीच्या कडेकडेनं चालत गेली, कोपऱ्यावर वळली आणि घराच्या पाठीमागे गेली. असल्या गेममध्ये घराची पाठ दिसत नाही, छप्परच तेवढं दिसतं. छपरामागून रुखीचे नुसते केस आणि लाल रिबीन दिसत राहिली.

"मांगचं दार कुठं ठेवलं तू?"

"मांगून नाही केलं माय. समोरूनच जायचं."

"समोरून?" तिनं त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी तो तापात बरळायचा तेव्हा पाहायची तसं. "येडा झाला काय? समोरून कोन जाऊ देते?"

"याच्यात जाऊ देतात. सारेच जातात."

तिनं ऐकलं, मान हलवली, आणि बोट मात्र बटनावरून काढलं नाही. भिंतीच्या दिशेनं चालवत राहिलं तर या गेममध्ये पाय चालत राहतात आणि माणूस जागचा हलत नाही. लाल रिबीन छपरामागे वरखाली, वरखाली होत होती. राजदीपला सांगायचं होतं की तिथं भिंत आहे, मी स्वतः काढली आहे, तिथं काहीच होणार नाही.

"राहू दे," रुखमाबाई म्हणाली. "मी इथंच उभी राह्यतो. कोनी भांडे घासाले बाहेर आलं म्हंजे उघडन."

आणि ती बटन दाबून धरून वाट बघत बसली.