बिराप्पाची दुसरी साक्ष

म्हसवडच्या बिराप्पाला साक्ष ही एकाच जागी द्यायची असते एवढंच ठाऊक होतं, कोर्टाच्या पिंजऱ्यात. त्यामुळे मिरजेच्या प्रार्थनासभेत पाळकांनी “साक्ष द्यायला पुढे या” म्हटलं, तेव्हा त्याचा थरथरता उजवा हात आणखीच थरथरायला लागला. पोलीस कुठे दिसेनात, तरी गडी दाराकडे बघत राहिला.

त्याला इथे आणलं होतं अंजनानं, त्याच्या धाकट्या भावाच्या बायकोनं. नवरा अमृत तुरुंगात वारल्यावर ती मिरजेत एका दवाखान्यात आया म्हणून लागली आणि पुढे ख्रिस्ती झाली. दिराच्या हातासाठी डॉक्टर झाले, देवऋष्यानं तीन कोंबडे फस्त केले, गुण शून्य. शेवटी ती म्हणाली, येशूपाशी चला. बिराप्पाला हात बरा व्हायला हवाच होता. पण त्याहून आत जे आठ वर्षं सडत होतं, त्यापासून सुटका हवी होती, आणि ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

एका बाईनं पायाची जखम भरल्याचं सांगितलं. सगळे आमेन म्हणाले. शेजारच्या म्हाताऱ्यानं बिराप्पाला समजावलं, देवानं आपलं काय भलं केलं ते सांगायचं, बस्स. याच्या डोक्यात भलतंच शिरलं: इथं खरं बोललं की माणूस बरा होतो. तो उठला.

“मेंढरं चारन्यावरनं भांडान झालं, मानूस मेला, तवा दगड म्या मारला हुता. कोर्टात साक्ष दिली, दगड अमृतनं मारला म्हून.”

सवयीनं कुणीतरी आमेन म्हणून गेलं. पाळक त्याच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ प्रार्थना करत राहिले. हात काही थांबला नाही, पण बिराप्पाला आठ वर्षांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला. त्याला रडू आलं, आणि ते रडू सुखाचं होतं.

सभा सुटल्यावर स्टँडवर अंजनानं दोन चहा सांगितले.

“भावजी, तुमच्या सांगन्यावरनं मी त्यास्नी खुनी मानलं,” ती म्हणाली. “ते तुरुंगात हुते त्या तीन वरसांत एकदाबी भेटाय गेले न्हाई. त्यांची पत्रं यायची, ती न वाचता चुलीत घातली. तुमी मोकळं झालासा. मी आता कुनाम्होरं साक्ष देऊ?”

हात थरथरतो म्हणून बिराप्पाचा कप नेहमी तीच धरायची. आजही तिनं तो उचलला, त्याच्या तोंडापर्यंत नेला, आणि तसाच परत खाली ठेवला.