पहिल्या वीस नोंदी

त्याने डेटाबेसमध्ये शोध घेणारी क्वेरी पुन्हा चालवली आणि खुर्चीच्या अगदी कडेवर सरकला. स्क्रीनवर नऊशे शिक्षक नऊशे ठिपके होऊन पसरले. ज्याला जिथे बदली हवी होती, तिकडे त्याच्यातून बाण निघाला.

"आई, बघ तरी! दोन ओळींत झालं!"

टेबलापलीकडे आई सहावीच्या वह्या तपासत होती. तिने चष्म्यावरून पाहिलं.

"मागे दोन पानं लिहूनही झालं नव्हतं, तेच का हे?"

"तेच!"

शिक्षकांच्या आपसांतल्या बदल्यांची ही वेबसाइट त्याने आठ महिन्यांपूर्वी काढली, ती खरं तर बायकोसाठी. चार वर्षं ती डोंगरातल्या शाळेत आणि तो इथे. संसार काय तो शनिवार-रविवारचा. जुन्या तक्त्यांत दोघांची अदलाबदल चटकन सापडे, पण चौघांची साखळी शोधायला लावली की सर्व्हर मान टाकायचा. आता घेतलेल्या ग्राफ डेटाबेसमध्ये माहिती ठिपके आणि बाण अशीच साठवलेली; त्यात नुसतं बाणामागून बाण धरून चालायचं आणि निघालो तिथे परत यायचं, की झालं वर्तुळ. सकाळपासून अशी अकरा वर्तुळं सापडली होती. सदतीस माणसं आपापल्या घरी जाणार होती. त्याला खुर्चीत बसवत नव्हतं.

त्या सदतिसांत बायको मात्र नव्हती.

त्याने तिचा ठिपका धरून पुन्हा पाहिलं. गिरणीच्या गावचे गुरुजी डोंगरात जायला एका पायावर तयार होते. नदीकाठच्या बाईंना गिरणीचं गाव हवं होतं. इथून नदीकाठी जाणारं एकच कुणीतरी हवं होतं, आणि तिथेच घोडं अडलं होतं.

मग त्याला क्वेरीत स्वतःचीच जुनी अट दिसली: पहिल्या वीस नोंदी वगळा. वेबसाइट चालते का ते बघायला पहिल्या दिवशी घरच्यांकडून, मित्रांकडून काहीबाही भरून घेतलं होतं, त्या नोंदी. बघू तरी, म्हणून त्याने अट काढली.

वर्तुळ पूर्ण झालं.

"सापडलं!" तो ओरडलाच. फोन कधी लावला तेही त्याला कळलं नाही. "ऐक, सामान आवरायला घे! चौघांचं वर्तुळ आहे, तू आहेस त्यात!"

"शपथ घे!" बायको हसत होती की रडत होती, कोण जाणे. "चौथं कोण रे? माझ्यासाठी जागा सोडणारं?"

त्याने चौथ्या ठिपक्यावर बोट टेकवलं. नोंद क्रमांक एक. आईचं नाव.

त्याचं हसू मावळलं. फोनवर हात ठेवून तो हळूच म्हणाला, "आई, तुझी चाचणीची नोंद राहिलीये यात. मीच म्हणालो होतो, काहीतरी भर. काढून टाकतो."

"काढू नकोस." आईने वहीचं पान उलटलं. "पंचावन्नच्या पुढच्यांना डोंगरातली शाळा देत नाहीत, नाहीतर सरळ तिचीच मागितली असती. नदीकाठ देतात, असं कळलं."

"म्हणजे तू तेव्हाच..."

"नोकरीची दोनच वर्षं उरलीत माझी. तुमचं सगळं आयुष्य जायचंय अजून."

फोनमधून बायकोचा आवाज येतच होता, "हॅलो? सांग ना, कोण आहे?"

आईने ओठांवर बोट ठेवलं आणि नकारार्थी मान हलवली.

"तूच विचार तिला," फोनवरचा हात काढून तो बायकोला म्हणाला, आणि त्याने फोन टेबलावरून आईपुढे सरकवला.

आईने लाल पेनाला टोपण लावलं.