पायाळूचं घर

अणदूरच्या पुढं आडरस्त्याला लागलं की कुणालाही विचारा, पायाळूचं घर कुठं? शेंबडं पोरगंसुद्धा बोट करून दाखवील. बलभीमआबा आईच्या पोटातून पाय पुढं करून जन्मले, म्हणून ते पायाळू. आणि पायाळूची लात कंबरेत बसली की भरलेली उसण उतरते, हे त्या पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक. उमरग्याचे ट्रकवाले, बसवकल्याणकडचे कानडी शेतकरी, बँकेतले साहेब, सगळे आबांच्या ओसरीत पालथे पडायचे. आबा लात मारायचे, माणूस कंबर चाचपत उठायचा आणि म्हणायचा, ‘लई गुण आला.’ आबा रुपया घेत नव्हते. साहेबाला लात मारायची आणि वर त्यालाच पाया पडायला लावायचं, ह्याच्याहून मोठी कमाई कुठली असती हो?

आबांचा एकुलता एक पोरगा कुलदीप मात्र सरळ जन्मला, डोक्याकडून. हा त्याचा पहिला गुन्हा. बीएस्सी झाला, उमरग्यात एका कॉलेजात क्लार्क म्हणून चिकटला, तरी आबांची अढी काही गेली नाही. चार माणसांत म्हणायचे, “डोक्याकडनं आलं खरं, पण येताना डोकं आणायचं इसरलं.” माणसं हसायची. कुलदीपही हसायचा. चांगला बाप्या माणूस, पण बापापुढं उभा राहिला की ‘व्हय आबा’शिवाय दुसरं अक्षर तोंडातून फुटायचं नाही.

त्याची बायको शिवकन्या. लग्नाला बरीच वर्षं होऊनही कूस उजवली नव्हती, म्हणून सासू कस्तुराबाईची बोलणी खाऊन खाऊन ती निबर झालेली. शेवटी दिवस गेले. मग काय, नवराबायकोला दुसरा विषयच उरला नाही. बाळंतपण कुठं करायचं? सरकारी दवाखान्यात, का खासगीत? शिवकन्येची भावजय सरकारीत बाळंत झाली होती. कळा देताना ओरडली म्हणून नर्सनं तिच्या मांडीवर चापट मारली आणि वर विचारलं होतं, ‘तवा गोड लागलं हुतं का?’ चुलतबहीण खासगीत गेली, तर धड कळा यायच्या आतच तिचं पोट कापून मोकळे झाले. इकडं आड, तिकडं विहीर. दोघं फिरफिर फिरले आणि उमरग्याच्या गायत्री डॉक्टरीणबाई त्यांना पसंत पडल्या. का, तर त्या काही विचारलं की खेकसत नव्हत्या.

आठव्या महिन्यात सोनोग्राफी झाली. बाई म्हणाल्या, “बाळ पायाळू आहे. पाय खाली, डोकं वर. पहिलटकरीण आहे, जोखीम नको. सिझेरियन करू, पोटातून काढू. आणि मधेच कळा सुरू झाल्या तर तडक निघा. अशा बाळाचं डोकं शेवटी येतं, आणि तेच अडकतं.”

शिवकन्येनं लगेच मान डोलावली. तिला पोटावरच्या व्रणाचं काही वाटत नव्हतं. तिला जिवंत लेकरू पाहिजे होतं, बास.

आता शहाण्या माणसानं तोंडाला कुलूप लावावं की नाही? घरी येऊन ‘डॉक्टर म्हणत्यात शिजर करा’ एवढंच सांगावं, विषय मिटला. पण कुलदीपला कुठला धीर! आयुष्यात पहिल्यांदा बापाला आवडेल अशी गोष्ट त्याच्या हाताला लागली होती. दवाखान्याच्या फाटकातूनच त्यानं फोन लावला. “आबा, बाळ पायाळू हाय!” पलीकडून आबा म्हणाले, “शाब्बास रं माझ्या वाघा.” हे ऐकायला कुलदीप जन्मभर तरसला होता. रस्त्यात उभ्या उभ्या त्याचे डोळे भरून आले.

त्या दिवसापासून शिवकन्या त्या घरात तळहाताच्या फोडासारखी झाली. कालपर्यंत वांझोटी म्हणणारी कस्तुराबाई तिच्या ताटात तुपाची धार धरायला लागली. गावभर पेढे वाटले गेले. आबांचे पाय आताशा थरथरायचे, लात नेमकी बसायची नाही, माणसं कमी झाली होती. आता गादी पुढं चालणार होती.

आणि कुणीतरी पारावर किडा सोडला. पोट फाडून काढलेलं लेकरू पायाळू धरतात का? दोन दिवस गावाला दुसरं काम नव्हतं. शेवटी म्हाताऱ्यांनी निकाल दिला, की पाय जगात आधी आले पाहिजेत, ते बी वाटेनं. डॉक्टरनं मधूनच उचलून काढलं तर ते कसलं पायाळू? आबा घरी आले आणि म्हणाले, “शिजर न्हाय.”

“मामा, डॉक्टरीणबाई म्हणल्यात डोकं अडकतं,” शिवकन्या पदर सावरत म्हणाली.

“माझं अडकलं का? हितंच ह्या घरात जन्मलो म्या.”

“तुमचं नशीब हुतं, मामा.”

“मग माझ्या नातवाचं न्हाय का?” आबांनी विषय संपवला.

शिवकन्येचा भाऊ सिद्धेश्वर तिला माहेरी न्यायला जीप घेऊन आला, त्याला जेवू घालून रिकामा परत धाडला. तेव्हा मात्र ती घाबरली. खोलीत येऊन तिनं कुलदीपचा हात धरला आणि आपल्या पोटावर ठेवला. “आवो, मला दुसरं काय बी नगं. शिजर करा. करता ना?”

“करतो की. येडी का काय तू? कळा लागल्या की मीच गाडी बोलावतो.” हे म्हणताना तो खोटं बोलत नव्हता. तेवढं तरी त्याच्या पदरात टाकू.

कळा लागल्या त्या सकाळी, भाकरी थापता थापता. शिवकन्या भिंतीला धरून उठली आणि म्हणाली, “गाडी बोलवा.” कुलदीप फोन घेऊन अंगणात आला. आबा बाजेवर बसलेलेच होते.

“कुणाला लावतोस?”

“एकशे आठला, आबा.”

“बस खाली. म्या काय कसाई न्हाय. दवाखान्यात न्यायचंच हाय. पर आधी पाय दिसू दे. पाय भायेर आले की मग न्या खुशाल. तवा डॉक्टर काय परत आत ढकलत न्हाय.” आणि मग आवाज उतरवून, कधी नव्हे ते पाठीवर हात ठेवून म्हणाले, “एवढं कर रं माझ्यासाठी. तू तर काय दिलं न्हाईस मला.”

कुलदीपनं फोन कानाला लावला. फोन कुणालाच लागलेला नव्हता. दारातून शिवकन्येला दिसेल असा उभा राहून तो मोठ्यानं बोलला, “हॅलो, व्हय, अणदूरच्या पुढं. लवकर या.” मग आत जाऊन सांगितलं, “निघालीय गाडी.”

ती बिचारी प्रत्येक कळेबरोबर विचारायची, “आली का?” हा म्हणायचा, “नळदुर्गात हाय.” थोड्या वेळानं, “आता फाट्यावर आली.” बाळंतिणींची विचारपूस करणाऱ्या आशाताई करिश्माचा फोन आला, तिलाही सांगितलं, “आमी कवाच निघालोय, रस्त्यात हाव.” दुपार डोक्यावर आली. शिवकन्येनं विचारायचं सोडलं. तिनं कुलदीपकडं नुसतं बघितलं, आणि तिला कळलं. ओरडायला तिच्यात जीव उरला नव्हता.

पाय आले. दोन इवलेसे निळसर पाय. कस्तुराबाईनं बाहेर येऊन सांगितलं, आणि आबांनी खंडोबाच्या दिशेनं हात जोडले. मग काय पळापळ विचारता! शेजारच्या ईरण्णाची जीप तयारच होती. हमरस्त्यावर अंग आलं, हात आले, आणि डोकं अडकलं. बाईंनी सांगितलं होतं तस्संच. उमरगा येईपर्यंत कस्तुराबाई त्या लोंबत्या अंगाला पदरात धरून ‘देवा, देवा’ करत होती.

गायत्रीबाईंनी कसं काढलं त्यांनाच ठाऊक. बाळ रडलं नाही. नळी घातली, छाती दाबली, किती तरी वेळानं एक हुंदका आला. बाई हात पुसत बाहेर आल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

“कळा कधी सुरू झाल्या?”

“आत्ताच, मॅडम. एकदमच झालं सगळं,” कुलदीप म्हणाला.

उघड्या दारातून खाटेवरच्या शिवकन्येला हे ऐकू गेलं. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

बाळ सोलापुरात काचेच्या पेटीत राहिलं आणि वाचलं. नाव ठेवलं गौरीशंकर. वर्ष सरलं, दुसरं लागलं, तरी पोरगं मान धरेना. मेंदूला वारा कमी पडला, डॉक्टर म्हणाले. हात आखडलेले, नजर कुठं ठरत नाही, आणि पाय लुळे. धरले तर राहतात, सोडले तर पडतात. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, तसं कस्तुराबाई आल्यागेल्याला सांगायची, “सुनंनं कळा नीट दिल्या न्हाईत, म्हणून असं झालं.”

तुम्हांला वाटेल, आबा खचले असतील. कुठले! त्यांनी पंचक्रोशीत सांगावा धाडला, की घरात दुसरा पायाळू आलाय. आणि माणसं आली हो! ओसरीत पुन्हा रांग लागली.

त्या दिवशी पहिलीच एक बाई होती, बसवकल्याणकडून आलेली, दोन बसा बदलून. कंबर धरून वाकत वाकत ती पालथी पडली. शिवकन्या पोराला मांडीवर घेऊन बसली होती. इतके दिवस गप्प राहिलेली शिवकन्या त्या दिवशी बोलली.

“बाई, उठा. लात बसायची न्हाय. ह्याच्या पायात जीव न्हाय. तो ह्या तिघांनी घेतला. कळा सुरू असताना मला घरात अडकवून ठेवलं, लेकरू पायाळू व्हावं म्हणून.”

रांगेतल्या माना वर झाल्या. कुलदीपला वाटलं, आता धरणी दुभंगावी. कुणीतरी थुंकेल, कुणीतरी शिव्या घालील, आणि एकदाचं सुटेल सगळं.

पालथ्या पडलेल्या बाईनं मान वळवली. “असू दे गं माय. लई लांबनं आलेय म्या. नुसता टेकवला तरी चालंल.”

मागून एकजण म्हणाला, “व्हय, पायाळू तर हाय ना? मग झालं की.”

आबांनी पोराकडं बोट केलं. त्यांनी कुलदीपकडं बघितलं. “धर.”

“व्हय आबा,” कुलदीप म्हणाला. त्यानं बायकोच्या मांडीवरून पोराला उचललं, काखेत धरलं, आणि त्याचा लुळा पाय आपल्या हातानं त्या बाईच्या कंबरेवर हळूच टेकवला. पोराच्या तोंडातून लाळ गळली.

“हळू कशाला?” शिवकन्या म्हणाली. “हाणा की जोरात. त्याला काय बी कळत न्हाय. आन् तुमाला बी.”

बाई कंबर चाचपत उठली. पोराच्या पायाला तिनं कपाळ लावलं आणि म्हणाली, “लई गुण आला.” आबा हसले. पुढच्या माणसाला कुलदीपनंच हाक मारली.