जहाजांची आयत

धरमतरच्या जेट्टीवर मालवाहू बार्जवरून पाण्यात पडून दाऊद गेला, त्याला दोन महिने झाले होते. रोह्याच्या घरी त्याची बायको हाजरा इद्दतीत होती. ती मुदत संपेपर्यंत विधवेने घराबाहेर पडायचं नसतं. तिला पडायचंही नव्हतं. ती रडत नव्हती. जेवत होती, भांडी घासत होती. फक्त कुराण उघडत नव्हती.

हाजरा मौलवीची मुलगी, आळीतल्या मुलींना कुराणाचे धडे देणारी. एरवी दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर ती रोज मोठ्याने वाचायची आणि सासू मैमुना ऐकत बसायची. मैमुनाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, अक्षरं दिसत नव्हती. आता हाजरा रोज काहीतरी सांगून टाळायची. डोकं दुखतंय, उद्या बघू. खरं कारण तिने कोणाला सांगितलं नव्हतं. आत काहीच उरलेलं नसताना ते शब्द म्हणणं तिला अल्लाशी खोटं बोलल्यासारखं वाटत होतं.

त्या संध्याकाळी मैमुनाने तिला विचारलं नाही. ओटीवर बसून तिने दाऊदच्या नावाने सूरह रहमान, कुराणातला एक अध्याय, तोंडपाठ म्हणायला घेतली. या सूरहमध्ये एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो : देणाऱ्याची कोणती देणगी नाकाराल? प्रश्न तोच, पण दर वेळी त्याच्या पुढची आयत, म्हणजे ओळ, वेगळी. पाठ असलेली माणसंही तिथे मागे जातात. मैमुना दोन समुद्रांवरून मोती-पोवळ्यांपर्यंत आली, प्रश्न म्हटला, आणि पुन्हा समुद्रांवर गेली. पुन्हा मोती, पुन्हा प्रश्न, पुन्हा समुद्र.

स्वयंपाकघरात हाजरा तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

दगडी गडग्यापलीकडून शेजारच्या वैशालीचा आवाज आला. "हाजरा गो, आजी अडकली बघ! मघापासून तेच तेच चाललंय. तू म्हणायचीस तेव्हा असं नसायचं."

"ऐकलंस?" मैमुना ओरडली. "त्या वैशालीला कळतंय, नि मौलवीची पोर गप!"

"माझा वजू नाय, अम्मा. हात-तोंड धुतलेलं नाय."

"किताबाला हात लावू नको. तोंडी म्हणायला वजू कशाला? मला शिकवतेस व्हय?"

हाजरा उंबऱ्यात आली. हाताला तांदळाची पूड होती. "मला काय वाटतच नाय, अम्मा. आतून कायच नाय. म्हणून म्हणत नाय मी."



"मला तरी वाटतंय, असं कोण बोललं तुला?" मैमुना म्हणाली. "विसरले नाय मी. पुढं जहाजं हायत. ती तोंडातून निघत नायत. तू म्हण."

समुद्रात डोंगरांसारखी उभी चालणारी जहाजं अल्लाचीच आहेत, अशी ती आयत. हाजराने ती म्हटली. मुलींना धडा देताना म्हणायची तशी, सपाट, कुठे न थांबता. मैमुनाने प्रश्न म्हटला. त्यापुढची आयत, जमिनीवरचा प्रत्येक जण संपणार आहे, ही. हाजरा उंबऱ्यातच बसली आणि तीही म्हणाली. मग मैमुनाचा प्रश्न.

हाजराला काही वाटलं नाही. तिने ते तपासून पाहिलं, आणि पुढे म्हणत राहिली.

मध्येच मैमुनाचा आवाज गेला. ओठ हलत होते, प्रश्न ऐकू येत नव्हता. हाजराने तिचा हात धरला, तो प्रश्न स्वतः म्हटला आणि श्वास घेऊन पुढचं सुरू केलं.