काचेवरची वाफ

चंद्रहास निमकर रडला नाही, याचा लखनौच्या मराठी मंडळींना फार त्रास झाला. बायको प्रतिमा गेली, ऐन मे महिन्यात, घरातच, आणि हा गडी तेराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी डबा घेऊन प्रयोगशाळेत हजर. दगड आहे दगड, असं हजरतगंजच्या बँकेतले मोहनराव म्हणाले. तोंडावर नाही म्हणाले, एवढंच. खरं तर चंद्रहासला कुणी तोंडावर म्हटलं असतं तरी त्याने ‘हं’ केलं असतं आणि पुढे चालू लागला असता. आत काही हलतच नव्हतं. जेवण पुढे आलं की जेवायचा, रात्र झाली की पडायचा.

घरी तशी सोय होती. प्रतिमाची थोरली बहीण मालूताई साताऱ्याहून आली ती राहिलीच. बाई कामाची, बोलायलाही खमकी. तिने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं की चंद्रहासच्या मुलीला, कांचनला, ती साताऱ्याला नेणार, जुलैमध्ये तिकडच्या शाळेत घालणार. चंद्रहास म्हणाला, बघू. आता ‘बघू’ला आपल्याकडे काय किंमत असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. मालूताईने तिकिटं काढली, हजरतगंजात जाऊन पोरीला दोन फ्रॉक घेतले. नऊ वर्षांच्या कांचनलाही कुणी विचारलं असेल-नसेल. पण ती ‘जाऊँगी’ म्हणाली होती, हे मालूताईने मुद्दाम त्याच्या कानावर घातलं. तेव्हाही त्याने ‘हं’च केलं. पोर गेली की सरोजिनी नगरच्या त्या क्वार्टरमध्ये तो एकटा उरणार होता. हे त्याला कळत होतं. कळत होतं, पण लागत नव्हतं.

आणि नेमके त्याच जूनमध्ये प्रयोगशाळेतले आरसे सोलायला लागले.

चंद्रहासचं काम काचेवर धातू चढवण्याचं. बंद भांड्यातली हवा पंपाने ओढून घ्यायची, थोडा आर्गॉन वायू सोडायचा, वर वीज. मग क्रोमच्या चकतीवर त्या वायूचा असा मारा होतो की तिचे कण सुटून समोरच्या काचेवर जाऊन बसतात. केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढा थर, पण चांगला बसला तर नखाने निघत नाही. चिकटपट्टी लावून खस्सकन ओढायची, धातू काचेवरच राहिला तर आरसा पास. पंधरा वर्षांत चंद्रहासचे आरसे क्वचितच नापास झाले होते. आता मात्र पट्टीबरोबर अख्खा थर निघून यायचा, उकडलेल्या बटाट्याची सालं निघावीत तसा.

त्याचा सहकारी जगदीश वायूचा दाब तपासून थकला, विजेचा जोर कमी-जास्त करून थकला. शेवटी त्याने चाचरत विचारलं की, सर, काच लावण्याआधी हाफ देताय ना? हाफ देणं म्हणजे धुतलेल्या थंड काचेवर तोंडाची वाफ सोडून बघणं. वाफ सगळीकडे सारखी, मऊ बसली तर काच स्वच्छ. ठिपके-पट्टे दिसले तर कुठेतरी तेलाचं बोट लागलेलं. अशा काचेवर धातू धरत नाही. साधी गोष्ट आहे, पण त्याशिवाय चंद्रहास काच पुढे जाऊ देत नसे. तो म्हणाला, देतो की. खोटं बोलावं असं त्याच्या मनात नव्हतं. तो देत नव्हता, हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

रविवारी मालूताई बांधाबांध करत होती आणि पोर पायात येत होती, म्हणून तिने बापलेकीला घराबाहेर काढलं. चंद्रहास कांचनला स्कूटरवरून प्रयोगशाळेत घेऊन गेला. दुसरीकडे कुठे न्यायचं, हे त्याला सुचलंच नाही. अमौसीला उतरणारं विमान डोक्यावरून गेलं तरी पोरीने मान वर केली नाही.

आतली खोली मशीनसाठी गार ठेवलेली. त्याने काच धुतली, कोरडी केली, चिमट्यात धरून उजेडासमोर नेली, तोंडाजवळ आणली आणि थांबला. श्वास बाहेर पडेना.

कांचन बघत होती. ती म्हणाली, “बाबा, उस दिन आप काँच क्यों धो रहे थे?”

त्या दिवसाबद्दल त्याला इतक्या दिवसांत कुणी काही विचारलं नव्हतं. त्या दुपारी लूचं तापलेलं वारं सुटलं होतं, भिंतींना हात लावला तर चटका बसत होता. प्रतिमाच्या हृदयाची झडप आधीपासूनच खराब. ती पलंगावर पडली होती, आणि छाती हलेनाशी झाली. चंद्रहासच्या खिशात नेहमी असायची ती काचेची पट्टी त्याने तिच्या नाकाशी धरली. वाफ आली नाही. कुणीही दुसरा माणूस तिथेच ओरडला असता. पण हा काचेचा माणूस! त्याच्या डोक्यात आलं की काच तापली आहे, तापलेल्या काचेवर वाफ धरतच नाही. तो स्वयंपाकघरात गेला, सुराहीच्या पाण्यात पट्टी गार केली, पुसली, पुन्हा धरली. पुन्हा काही नाही. आणताना तापली असेल म्हणून परत सुराहीकडे. शेवटी शेजाऱ्यांना बोलावून आणलं ते कांचनने. डॉक्टर नंतर म्हणाले की काहीही केलं असतं तरी उपयोग नव्हता.

हे सगळं त्याने तिला सांगितलं, तुटक तुटक. मग काच दिव्याखाली तापवून तिच्या हातात दिली आणि फुंकर नको, नुसती वाफ सोड, म्हणाला. काच कोरडीच राहिली. गार काच दिली, ती पांढुरकी झाली. पोरीने दोन्ही काचा आलटून पालटून पाहिल्या.

“तो आपको लगा, आई साँस ले रही है?”

“हो.”

“मुझे लगा, आप ऑफिस का काम कर रहे हैं.”

चंद्रहासने स्टूल ओढलं आणि त्यावर बसला. म्हणजे इतके दिवस पोरीने हे पोटात ठेवलं होतं. आई मरतेय आणि बाप काच धुतोय. म्हणून ती जाते म्हणाली होती, अशा बापापाशी कोण राहील? त्याला छातीत कळ आल्यासारखं झालं. फार नाही, पण झालं खरं, मे महिन्यानंतर पहिल्यांदा. त्याने विचारलं, तुला साताऱ्याला जायचंय का? तिने दोन्ही काचा टेबलावर ठेवल्या. मग तिने मान हलवली, नाही म्हणून.

घरी आले तेव्हा मालूताई वळकटीचा पट्टा आवळत होती. चंद्रहास दारातच उभा राहून म्हणाला, “मालूताई, कांचन येणार नाही.”

मालूताई रागावली, आणि तिचं चूक नव्हतं. तिकिटं, शाळा, सगळं ठरलेलं. आता हे काय नवीन, असं ती बोलली. मुलीच्या वेण्या कोण घालणार, ताप आला तर रात्री कोण बसणार, या घरात कुणी कुणाशी बोलतं तरी का, असंही बोलली. बहीण तिचीही गेली होती. शेवटी पट्टा सोडून ती खालीच बसली.

“चंद्रहासराव, खरं सांगा. तुम्हाला जमणार आहे का हे?”

“नाही जमणार,” चंद्रहास म्हणाला. “पण ती इथेच राहील.”