सरकीचं घमेलं

"सरकी हे काय सशाचं नाव झालं?" असं अश्वजित पहिल्याच दिवशी म्हणाला होता. पण पोरगी ऐकेल तर ना! पांढऱ्या अंगावर कापसातल्या सरकीसारखे तीन काळे ठिपके, म्हणून सरकी. झालं, ठरलं. पौर्णिमा तेव्हा दहावीत होती, जऊळक्याला स्टेशनामागं दोन खोल्यांचं टिनाचं घर होतं, आणि अश्वजितला वाटलं, आठ दिवसांचं खूळ आहे, जाईल. खूळ चार वर्षं टिकलं. आता पौर्णिमा नागपुरात नर्सिंगला, अश्वजित आणि वैजयंती वाशीमच्या नव्या घरात, आणि सरकी त्यांच्या गळ्यात.

'गळ्यात' हा अश्वजितचा शब्द, बरं का. वैजयंतीला विचाराल तर ती सांगेल, की दिवसभर बोलायला घरात तेवढं एकच जण उरलंय.

आणि घर तरी कसं! अश्वजितनं लाइनमन म्हणून सव्वीस वर्षं खांबांवर चढून-उतरून बांधलेलं. पांढऱ्या फरशा अशा, की चालताना माणसाला स्वतःचंच तोंड दिसावं. गृहप्रवेशाला परित्राण पाठ ठेवला होता. भन्तेजी येणार, किन्हीराजाचे, आसेगावचे सगळे पाहुणे येणार. अश्वजितनं आठ दिवस आधीपासून घासपूस काढली. हे त्याच्या आईचं वळण. बाहेरचं कोणी वस्तीत आलं तर नाकाला पदर लावून जाऊ नये, म्हणून ती माउली मातीचं घर दिवसातून तीनदा झाडायची. तिच्या पोरानं फरशीच्या घरात गंजकं घमेलं कसं काय येऊ द्यावं? सरकी ज्यात बसायची ते गवंड्याचं जुनं घमेलं त्यानं जऊळक्यालाच परसात टाकलं. निळा प्लास्टिकचा टब आणला, फिनाईलनं दोनदा घासला, आणि नव्या पिंजऱ्यासोबत गॅलरीत मांडला.

झालं! जी सरकी चार वर्षं आपल्या पायानं उठून घमेल्यात जायची, वाळक्या गवतावर बसून आपलं काम उरकायची, ती त्या टबाकडे ढुंकूनही पाहीना. दिवाणावर लेंड्या. स्वयंपाकघराच्या दारात ओल. हॉलमध्ये टीव्हीशेजारचा कोपरा तर तिनं नावावरच करून घेतला. अश्वजित फिनाईलची बाटली घेऊन मागं मागं. तो पुसून पाठ फिरवतो न फिरवतो, तोच हिनं पुन्हा केलेलं असायचं. तिसऱ्या आठवड्यात मेव्हणे आले, चहा प्यायले, आणि उठले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या पँटीला मागं दोन लेंड्या चिकटलेल्या. मेव्हणे हसले. अश्वजितला ते हसणं फार झोंबलं.

"रविवारी नवीन येते अन् हिले घेऊन जाते," त्यानं जाहीर करून टाकलं. नवीन त्याच्याच ऑफिसातला, आसेगावला त्याचं शेत. "तिकडं फिरू दे मोकळी. शेतात कोन पुसते?"

"नवीनभौच्या शेतात तीन कुत्रे हायेत," वैजयंती म्हणाली.

"असू दे."

"पोरीनं जाताना एकच गोष्ट मांगतली होती तुमाले. दुसरं काई मांगतलं काय तिनं?"

नव्हतं मागितलं. नागपूरच्या बसमध्ये चढताना पौर्णिमा एवढंच म्हणाली होती, "बाबा, सरकीले सांभाळजा." त्याच्या आदल्या दिवशी बॅग भरताना तिनं आपली जुनी गोधडी वर ठेवली होती, आजीच्या लुगड्यांची. अश्वजितनं ती बाहेर काढली. "हॉस्टेलात हे जुनेर नेतं काय? लोक हसतील," म्हणाला, आणि नवंकोरं ब्लँकेट कोंबलं. पोरीनं गोधडी लोखंडी पेटीत ठेवून दिली. ती बोलत नसेच फारसं, बापावर गेलेली.

रोज रात्री आठला तिचा फोन यायचा, तो वैजयंतीच्या मोबाईलवर. अश्वजित शेजारी पेपर धरून बसायचा आणि कान फोनकडं. "सरकी कशी हाय?" पोरगी विचारायची. "मस्त हाय," वैजयंती सांगायची आणि नवऱ्याकडं असं बघायची, की पेपर आपोआप वर जायचा.

शुक्रवारी दुपारी मात्र त्याला राहवलं नाही. सरकीला पोरीच्या मागं परस्पर देऊन टाकणं त्याच्या मनाला पटेना. खांबावरून उतरला, निंबाच्या सावलीत बसला आणि जन्मात पहिल्यांदा स्वतः तिला फोन लावला.

"बाबा? काय झालं? आई बरी हाय ना?"

बाप कधी फोनच करत नाही म्हटल्यावर पोरीचं तरी काय चुकलं! "बरी हाय, बरी हाय," तो म्हणाला आणि मग टबापासून मेव्हण्यांच्या पँटीपर्यंत सगळं सांगून मोकळा झाला. रविवारचंही सांगितलं. आता पोरगी रडेल म्हणून त्यानं छाती घट्ट केली.

"घमेलं कुठं हाय तिचं?" पौर्णिमानं विचारलं.

"ते टाकलं. नवा टब आनला. फिनाईलनं घासला," आणि मग जरा ऐटीत, "दोनदा."

पलीकडून ती खळखळून हसली. तीन महिन्यांनी त्यानं ते हसणं ऐकलं आणि खरं सांगायचं तर त्याला सशाचा विसरच पडला.

"अवो बाबा, मंग तिले कसं कळंल आपली जागा कोनती हाय? तिले तिचा वासच सापडून नाई राह्यला! मी गवत बदलताना मूठभर जुनं ठेवत होती, आठवते काय? तुमी म्हनत होते..."

आठवत होतं. ड्युटीवरून येऊन उंबऱ्यात बूट काढता काढता तो रोज म्हणायचा, "घान काढतं अन् घानच ठेवतं, हे कोनती सफाई?"

मग तिनं एकेक करून सांगितलं. घमेलं घेऊन या, धुवू नका. चार-सहा दिवस तिला पूर्ण घर देऊ नका, एकाच खोलीत ठेवा. तिनं जो कोपरा धरला तिथंच घमेलं मांडा, आपल्याला पाहिजे तिथं नाही. शेजारी गवत ठेवा, ती खाता खाताच करते. बाहेर लेंड्या पडल्या तर उचलून घमेल्यात टाका. आणि ओरडू नका.

"मी कवा ओरडलो?"

"बाबा!"

"बरं."

मग हळूच म्हणाली, "इथं बी दिवसातून दोन खेपा फिनाईल मारतात, बाबा. चादरी धुलाईतून येतात, साऱ्या सारख्याच. मले रात्री झोपच नाई लागत. कवा कवा वाटते, सोडून द्यावं अन् यावं घरी." आणि लगेच, "आईले सांगू नका."

आता इथं बापानं काहीतरी बोलावं की नाही? अश्वजित म्हणाला, "अभ्यास कर." फोन ठेवला आणि मग बराच वेळ त्या निंबाखाली स्वतःलाच शिव्या देत बसला.

शनिवारी रजा टाकून तो सकाळच्या गाडीनं जऊळक्याला गेला. कुलूप उघडलं. रिकामं घर एवढंसं कसं दिसतं, याचं त्याला नवल वाटलं. या दोन खोल्यांत तीन माणसं आणि एक ससा चार वर्षं राहिले आणि कधी कुणी कुणाला हरवलं नाही. नव्या घरात वैजयंतीला दोनदा हाक मारावी लागते. भिंतीकडच्या कोपऱ्यात, पौर्णिमाचं टेबल असायचं तिथं, खाली घमेल्याच्या बुडाचा गंजकट गोल डाग होता. घर सोडताना त्यानं तो काथ्यानं घासघास घासला होता, निघाला नव्हता. इथंच ती पोट्टी पाय वर घेऊन पाठांतर करायची आणि खाली सरकी गवत चावत बसायची. पाठांतर थांबलं की चावण्याचा कुर्रकुर्र आवाज तेवढा यायचा. अश्वजित त्या डागाशेजारी खालीच बसला. त्या दिवसांत आपण किती सुखात होतो आणि किती कुरकुरलो, हे आठवून त्याला भरून आलं.

परसात घमेलं होतं तसंच होतं, गवतासकट. शेजारच्या गोमतीबाईनं कुंपणावरून पाहिलं. "काय जी, एवढा बंगला बांधला अन् घमेलं न्याले आले?"

"राह्यलं होतं," अश्वजित म्हणाला.

परतीच्या गाडीत घमेलं पोत्यात घालून मांडीवर घेतलं. समोर ओळखीचा दौलतसिंग बसलेला. त्यानं दोनदा नाक ओढलं. "कायचा वास येऊन राह्यला, भौ?"

"आमच्या घरचा हाय," अश्वजित म्हणाला. एरवी असल्या प्रश्नानं तो मेल्याहून मेला झाला असता.

घमेलं त्यानं हॉलमध्ये नेलं. टीव्हीशेजारी, थेट पांढऱ्या फरशीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर.

"खाली पोतं तरी टाका," वैजयंती म्हणाली, "डाग पडंल ना!"

"पडू दे."

तिनं नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप तर नाही ना म्हणून.

हॉलची दारं लावून घेतली. सरकी आली, घमेल्याभोवती फिरली, कडेला हनुवटी घासली आणि निघून गेली. रात्रीपर्यंत पाच-सहा लेंड्या बाहेरच. अश्वजितनं त्या कागदानं उचलल्या, घमेल्यात टाकल्या आणि तोंडातून शब्द काढला नाही. त्याला ते किती जड गेलं असेल, ते त्यालाच माहीत.

रविवारी दहाला खोकं घेऊन नवीन दारात. वैजयंती आत जाऊन बसली, बाहेर यायला तयार नाही. नवीननं खोकं उघडलं, खाली वाकला. तेवढ्यात सरकी दिवाणाखालून निघाली, टुणटुण उड्या मारत गेली, घमेल्यात चढली, एक गोल फिरली आणि शेपूट उचलून बसली. गवत चावायला लागली. कुर्रकुर्र.

"वैजयंती!" अश्वजित ओरडला. "ये, ये लवकर, पाह्य हे!" ती धावत आली. दोघं नवराबायको सशाला शी करताना बघत उभी, आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी. नवीन कधी यांच्याकडं बघतोय, कधी घमेल्याकडं.

"मंग नेऊ का नाई?" त्यानं विचारलं.

"चहा पी अन् जाय बापा," अश्वजित म्हणाला. "खोकं राहू दे, गवत ठेवाले कामी येते."

संध्याकाळी त्यानं लोखंडी पेटी उघडली आणि पौर्णिमाची गोधडी बाहेर काढली. "उद्या पहाटच्या बसनं नागपूरले जाऊन येतो."

"एकदम? काहून?"

"असंच. पोरीले भेटून येतो."

वैजयंतीनं गोधडी हातात घेतली आणि मोरीकडं निघाली. "मंग धुऊन देते. पंख्याखाली वाळंल रातभर. कवाची धुतली नाई, वास येते हिले."

अश्वजितनं पुढं होऊन गोधडी धरली. "धुवू नको."

सव्वीस वर्षांच्या संसारात या माणसाच्या तोंडून हे दोन शब्द तिनं कधी ऐकले नव्हते. पोरगी काही बोलली का, असं विचारायला तिनं तोंड उघडलं, आणि त्याचा चेहरा पाहून मिटलं. गोधडीची नीट घडी केली. पिशवीत ठेवण्याआधी तिनं ती एकदा आपल्या नाकाला लावली, आणि मग बराच वेळ खाली घेतलीच नाही.